हात वाकडा जुळला: थांबायचं कधी, आणि थांबायचं नाही कधी

आज आपण मुलांच्या हाताबद्दल बोलणार आहोत. कागद-पेन जवळ ठेवा, शेवटी डॉक्टरांना विचारायचे काही प्रश्न सांगणार आहे. आणि मुलं आसपास असतील तर त्यांनाही बोलवा. मधे एक छोटी तपासणी आहे, ती त्यांच्याकडून करून घ्यायची आहे.

शाळेच्या मैदानावर, घरामागच्या ट्रॅम्पोलिनवर, स्कूटरवरून, नाहीतर सुट्टीत गावी गेल्यावर शेवाळलेल्या पायरीवरून मूल पडतं. पडताना आपोआप हात पुढे टेकतो, आणि कोपर ते मनगट यांच्या मधलं हाड मोडतं. मुलांची जी हाडं मोडतात, त्यांत सगळ्यात जास्त वेळा मोडणारी हाडं हीच. प्लास्टर चढतं, काही आठवड्यांनी उतरतं, आणि मग घरात कुणाच्या तरी लक्षात येतं की हात पूर्वीसारखा सरळ दिसत नाही.

पुढचं दृश्य आपल्यातल्या बऱ्याच घरांना ओळखीचं वाटेल. आजी व्हिडिओ कॉलवर म्हणते, "अगं, हात वाकडाच राहिलाय की! तिकडचे डॉक्टर काही करत नाहीत का?" इथले डॉक्टर म्हणतात, "सहा महिन्यांनी दाखवायला या." गावाकडचे ओळखीचे डॉक्टर मोबाइलवर एक्स-रेचा फोटो बघून म्हणतात, "वेळ घालवू नका." आणि मधे आईवडील. थांबलो तर मुलाचं नुकसान होईल का? घाई केली तर नको असलेलं ऑपरेशन होईल का?

दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात, पण एकाच मुलासाठी नाही. कोणता सल्ला आपल्या मुलाला लागू पडतो, हे तीन गोष्टींवर ठरतं: मुलाचं वय किती, हाड कुठे मोडलं, आणि हात किती फिरतो. आजचा सगळा कार्यक्रम या तीन गोष्टींभोवती आहे.

ह्यूस्टन स्टेशनसमोरची इमारत

डब्लिनला ह्यूस्टन स्टेशनवर उतरलात, की रस्त्यापलीकडे एक जुनी दगडी इमारत दिसते. ते पूर्वीचं डॉ. स्टीव्हन्स हॉस्पिटल. १७३३ साली सुरू झालेलं हे रुग्णालय १९८७ मध्ये बंद झालं, आणि आज तिथे एचएसईचं मुख्य कार्यालय आहे. आपल्यातले कितीतरी जण लुआसमधून रोज त्या इमारतीजवळून जातात.

एब्रहॅम कॉलेस हे शल्यविशारद तिथे काम करत. त्यांचा जन्म १७७३ सालचा, किलकेनीजवळचा. १८१४ मध्ये त्यांनी एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मनगटाजवळच्या फ्रॅक्चरबद्दल एक छोटा लेख लिहिला. तोवर हात टेकून पडलेल्या माणसाचं मनगट सुजलं, की मनगट निखळलं किंवा मुरगळलं असं समजत. कॉलेस यांनी दाखवून दिलं की सांधा जागेवर आहे, मोडलंय ते सांध्याच्या थोडं वरचं हाड. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, म्हणजे हा लेख त्याच्या ८१ वर्षं आधीचा. हाताने चाचपून आणि हात हलवून बघून त्यांनी हे ओळखलं. जगभरचे डॉक्टर आजही त्या दुखापतीला 'कॉलेस फ्रॅक्चर' म्हणतात.

त्याच लेखात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं आहे. नीट न बसवलेला असा हात कालांतराने दुखायचा थांबतो, हालचालही परत येते, पण त्याचा वाकडेपणा मात्र जन्मभर राहतो, असं ते म्हणतात.

मोठ्या माणसाच्या बाबतीत हे खरं आहे. वाढत्या मुलाच्या बाबतीत पुष्कळदा नाही. आणि तिथेच आपला विषय सुरू होतो.

मुलाचं हाड स्वतःला कसं सरळ करतं

कोपराच्या खाली दोन हाडं शेजारी शेजारी असतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. लहान मुलाचं हाड वाळक्या काटकीसारखं नसतं, ओल्या फांदीसारखं असतं. ते कधी नुसतं दबतं, कधी एका बाजूने चिरतं आणि दुसऱ्या बाजूने वाकतं, कधी पूर्ण मोडतं.

हाडाच्या टोकाजवळ कुर्चेची एक पातळ चकती असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. लांबी वाढते ती तिथे. कोपराखालच्या हाडांची सुमारे ७५ ते ८० टक्के वाढ मनगटाकडच्या चकतीतून होते, कोपराकडून थोडीच. म्हणून मनगटाजवळ मोडलेल्या हाडाच्या अगदी शेजारी वाढीचा कारखाना चालू असतो.

हाड वाकडं जुळलं की ही चकतीही तिरकी होते. मग ती एका बाजूने जरा जास्त, दुसऱ्या बाजूने जरा कमी वाढून हळूहळू पुन्हा आडवी होत जाते. खिडकीतल्या कुंडीतलं रोप उजेडाच्या दिशेने वळतं, तसंच काहीसं. शिवाय वाकलेल्या हाडाच्या आतल्या, दाब पडणाऱ्या बाजूला नवं हाड साचतं आणि बाहेरच्या फुगीर बाजूचं झिजतं. या दोन्ही क्रिया मिळून हाड सरळ होत जातं. डॉक्टर याला 'रीमॉडेलिंग' म्हणतात.

वेग किती? मनगटाजवळचा वाक साधारण महिन्याला एक अंश, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे सात वर्षांच्या मुलाच्या मनगटाजवळ १५ अंशांचा वाक राहिला असेल, तर एक-दीड वर्षात तो बहुतेक दिसेनासा होतो. अशा वेळी "सहा महिन्यांनी या" म्हणणारे डॉक्टर टाळाटाळ करत नसतात. हाड आपलं काम करतंय ना, एवढंच त्यांना बघायचं असतं.

इथे जाता जाता एक गोष्ट. हाड नुसतं दबलेलं असेल, म्हणजे बकल फ्रॅक्चर असेल, तर इथले डॉक्टर पुष्कळदा पूर्ण प्लास्टर न घालता काढता येणारी पट्टी देतात. "साधी पट्टी बांधून घरी पाठवलं" म्हणून आपण नाराज होतो. पण ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांत ९६५ मुलांवर याचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मऊ बँडेज मिळालेली मुलं आणि कडक आधार मिळालेली मुलं यांच्या दुखण्यात किंवा बरं होण्यात फरक पडला नाही. असं हाड पट्टीमुळे वाकडं होत नाही.

काय आपोआप सरळ होत नाही

आता दुसरी बाजू. तिथेच घोटाळे होतात.

पहिली गोष्ट वय. रीमॉडेलिंगला वाढ शिल्लक लागते. मुलींची हाताची वाढ साधारण १४ च्या सुमारास आणि मुलग्यांची १६ च्या सुमारास संपत येते. निदान दोन वर्षांची वाढ शिल्लक असेल तरच हाडावर भरवसा ठेवता येतो. आठ वर्षांच्या मुलाला दिलेला सल्ला तेरा वर्षांच्या मुलीला लागू पडत नाही, दोघांचे एक्स-रे सारखे दिसले तरी.

दुसरी गोष्ट जागा. हाड मध्यावर मोडलं असेल तर वाढीचा कारखाना लांब पडतो. तिथला वाक सावकाश सुधारतो, आणि पुष्कळदा पूर्ण सुधारत नाही. म्हणून मनगटाजवळ दहा वर्षांच्या आतल्या मुलात २० अंशांपर्यंतचा वाक डॉक्टर चालवून घेतात, पण हाडाच्या मध्यावर तेवढा चालवत नाहीत. तिथे लहान मुलात साधारण १५ आणि मोठ्या मुलात १० अंशांपर्यंतच. हे आकडे डॉक्टरांगणिक थोडे इकडेतिकडे होतात.

तिसरी गोष्ट पीळ. ओला टॉवेल पिळतो तसा हाडाचा एक तुकडा दुसऱ्यावर फिरून जुळला असेल, तर तो पीळ वाढीबरोबर जात नाही. आणि पंचाईत अशी, की साध्या एक्स-रेत वाक चटकन दिसतो, पीळ दिसत नाही.

आता मुलांना बोलवा

एक्स-रेपेक्षा जास्त सांगणारी तपासणी आपण घरी करू शकतो. हात बरा होऊन प्लास्टर उतरलेलं असेल आणि दुखत नसेल तरच करा.

मुलाला समोर उभं करा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवायची. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल उभी धरायची, अंगठे वर. आता तळवे आकाशाकडे करायला सांगा. मग तळवे जमिनीकडे. कोपरं कमरेपासून सुटता कामा नयेत. पेन्सिली दोन्हीकडे जवळजवळ आडव्या होतात का, आणि दुखावलेल्या हाताची पेन्सिल चांगल्या हाताइतकीच फिरते का, ते बघा.

ही फिरकी म्हणजे कोपराखालच्या हाताचं मुख्य काम. अल्ना जागेवर राहतं, आणि रेडियस त्याच्याभोवती फिरतं. त्यासाठी रेडियसला मुळातच एक हलकी कमान असते. हाड मध्यावर वाकडं जुळलं की ती कमान बिघडते आणि दोन हाडं एकमेकांवर अडकतात. मृतदेहांच्या हातांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की मध्यावर १० अंशांचा वाक असेल तर फिरकी फारशी कमी होत नाही, २० अंशांवर मात्र ती ठळक कमी होते.

निरोगी हात दोन्ही बाजूंना साधारण ८० अंशांपर्यंत फिरतो. रोजच्या कामांना दोन्हीकडे मिळून सुमारे १०० अंश, म्हणजे वर ५० आणि खाली ५० पुरतात. म्हणून थोडी फिरकी कमी असली तरी मुलाचं काही अडत नाही. पण जास्त कमी असेल तर कुठे अडतं, तेही बघा.

तळवा खाली होत नसेल, तर मूल लिहिताना, की-बोर्डवर टाइप करताना किंवा तबल्यावर हात ठेवताना कोपर बाहेर काढतं. खांदा मदतीला येतो, त्यामुळे काम भागतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तळवा वर होत नसेल, तर मात्र खांद्याची मदत मिळत नाही. तीर्थ घ्यायला ओंजळ होत नाही, दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना ते घरंगळतात, तोंड धुताना पाणी हातात राहत नाही, जेवताना घास तोंडाशी नेताना मान वाकवावी लागते. मुलं अशा अडचणी बोलून दाखवत नाहीत. ती मुकाट्याने दुसरा हात वापरायला लागतात. म्हणून आपणच बघायचं.

प्लास्टर उतरल्यावर पहिले काही आठवडे हात ताठरच असतो. त्याने घाबरू नका. रोजचं खेळणं, अंघोळ, जेवण यांतून तो मोकळा होतो. पण तीन महिने उलटले आणि फिरकी पुढे सरकत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगायला हवं.

थांबायचं नाही असे प्रसंग

काही वेळा "वाढेल तसं सरळ होईल" हे वाक्य धोक्याचं ठरतं.

एक, कोपराचा सांधा सुटलेला राहून जाणं. अल्ना मोडतं किंवा नुसतं वाकतं, आणि त्याच झटक्यात रेडियसचं वरचं टोक कोपरात जागा सोडतं. मिलानच्या मॉन्टेजिया यांनी ही दुखापत नोंदवली तीही १८१४ सालीच. एक्स-रेत मोडलेलं हाड दिसतं, त्यावर उपचार होतात आणि कोपराकडे दुर्लक्ष होतं. लवकर कळलं तर उपचार तुलनेने सोपा, काही महिन्यांनी कळलं तर मोठं ऑपरेशन. म्हणून कोपराखालचं हाड मोडलं की एक्स-रेत कोपर आणि मनगट दोन्ही सांधे दिसायला हवेत. गावी एक्स-रे काढला असेल तर हे आवर्जून बघा.

दोन, ग्रोथ प्लेटलाच इजा होणं. अशी चकती कधी कधी अर्धवट किंवा पूर्ण बंद पडते. मग वाकडेपणा कमी होण्याऐवजी वर्षभरात वाढत जातो, किंवा एक हाड आखूड राहून मनगट एका बाजूला झुकतं. रेडियसच्या चकतीत हे क्वचित होतं, अल्नाच्या चकतीत पुष्कळ जास्त वेळा. "चकतीतून फ्रॅक्चर गेलंय" असं सांगितलं असेल, तर हात कितीही छान दिसला तरी सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे चुकवू नका.

तीन, मोठं मूल, मध्यावरचा वाक आणि अडलेली फिरकी. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर थांबून फारसं काही मिळत नाही. अशा मुलांवर झालेल्या ऑपरेशनांचा आढावा घेतल्यावर दिसतं, की दुखापतीपासून वर्षाच्या आत हाड सरळ केलेल्या मुलांची फिरकी जास्त परत आली. कारण वाकड्या हाडाबरोबर दोन हाडांमधला पडदाही आखडत जातो.

वाकडं जुळलेलं हाड सरळ कसं करतात

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाड सरकल्याचं कळलं, तर काम सोपं असतं. तेव्हा जुळणारं हाड अजून मऊ असतं. भूल देऊन ते पुन्हा बसवता येतं, किंवा प्लास्टरला चीर देऊन पाचर घालून वाक कमी करता येतो.

हाड पक्कं जुळल्यावर मात्र ते कापावं लागतं. त्याला ऑस्टिओटॉमी म्हणतात. ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेच्या अध्यायात सांगितलं आहे, की हाड विषम जुळलं असेल तर ते पुन्हा मोडावं, नीट बसवावं आणि ताज्या मोडलेल्या हाडासारखे उपचार करावेत. हाडाच्या मोडण्याचे जे बारा प्रकार त्या ग्रंथात दिलेत, त्यांत 'वक्र' हाही एक आहे.

आज हेच काम भूल देऊन, मोजमाप करून होतं. पूर्वी वाकड्या हाताच्या दोन-तीन एक्स-रेंवरून सर्जन अंदाज बांधत. आता अवघड केसमध्ये दोन्ही हातांचं सीटी स्कॅन करतात, चांगल्या हाताची आरशातली प्रतिमा वाकड्या हातावर ठेवून कुठे आणि किती कापायचं ते संगणकावर ठरवतात. कधी त्या मुलाच्या हाडावर नेमका बसणारा साचाही छापून घेतात. पीळ मोजायला ही पद्धत विशेष उपयोगी पडते. हाड सरळ करून धातूची पट्टी आणि स्क्रू, किंवा लहान मुलात हाडाच्या पोकळीत लवचीक सळई घालून धरून ठेवतात. कधी एकच हाड कापून भागतं, कधी दोन्ही.

ऑपरेशनचा फायदा खरा आहे, आणि त्याची किंमतही खरी आहे. नसांना इजा होऊ शकते, हाड जुळायला वेळ लागू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पट्टी काढल्यावर त्याच जागी हाड पुन्हा मोडू शकतं. आणि फिरकी वाढली तरी पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून चांगला सर्जन आधी "हात कसा दिसतो" हे विचारत नाही, "या हाताने मुलाला काय करता येत नाही" हे विचारतो. आजीला वाकडा दिसणारा हात सगळं करत असेल, तर त्याला सुरी लावण्याचं कारण बहुतेक वेळा नसतं. दिसायला जवळजवळ सरळ असलेला हात ओंजळ करू शकत नसेल, तर त्याबद्दल बोलायला हवं.

निसटणारे दोन आठवडे

वाकडं जुळणं पुष्कळदा टाळता येतं, आणि आपल्यासारख्या दोन देशांत ये-जा करणाऱ्या कुटुंबांना इथे एक खास धोका आहे.

हाड बसवून प्लास्टर घातलं, तरी सूज उतरल्यावर ते प्लास्टरच्या आत सैल होतं आणि हाड सरकू शकतं. सरकायचं असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सरकतं. म्हणूनच ज्या फ्रॅक्चरला हलण्याचा धोका असतो, त्याचा आठवड्याने आणि पुन्हा दोन आठवड्यांनी एक्स-रे काढतात. आता विचार करा. ऑगस्टच्या मध्यावर मूल नाशिकला पडलं. प्लास्टर घातलं. दहा दिवसांनी डब्लिनचं विमान. आल्यावर शाळा, नोकरी, जेट लॅग. "प्लास्टर सहा आठवड्यांनी काढायचंय" एवढंच लक्षात राहिलं. मधला एक्स-रे निसटला. हाड सरकलं, आणि तसंच पक्कं झालं.

यावर उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पानाचं पत्र घ्या: कधी पडलं, कोणतं हाड, बसवलं का, पुढचा एक्स-रे कधी. सगळ्या एक्स-रेंच्या मूळ डिजिटल प्रती घ्या, मोबाइलवर काढलेला फोटो नव्हे. आणि इथे पोचल्याच्या आठवड्यात दाखवा. प्लास्टर नवीन असेल तर विमान कंपनीला आधी विचारा. लांबच्या प्रवासात हात सुजतो, म्हणून पहिल्या ४८ तासांत बऱ्याच कंपन्या प्लास्टर उभं चिरून घ्यायला सांगतात.

दुसरा धोका घट्ट बांधणीचा. हाडवैद्य आपल्याकडे आहेत, आणि आयर्लंडच्या खेड्यांतही हाडं बसवणाऱ्या घराण्यांची जुनी परंपरा आहे. अनुभवी माणसाच्या हाताला गुण असेलही, पण एक्स-रेशिवाय कोपराचा सुटलेला सांधा किंवा चकतीची इजा कळत नाही. आणि सुजलेल्या हातावर बांबूच्या कामट्या किंवा पट्ट्या आवळल्या, तर आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा काही तासांत तुटतो. त्यातून बोटं कायमची आखडतात, आणि हे नुकसान वाकड्या हाडापेक्षा कितीतरी मोठं असतं. सुश्रुतानेही बजावलं आहे, की बांधणी सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना आणि पू होतो.

प्लास्टरच्या बाबतीतही हेच. दुखणं औषध देऊनही वाढत असेल, बोटं हळूच सरळ केल्यावर मूल कळवळत असेल, बोटं बधिर, गार, पांढरी किंवा निळी झाली असतील, तर सकाळपर्यंत थांबू नका. त्याच रात्री इमर्जन्सी विभागात जा. त्याच दुखापतीसाठी पुन्हा गेलात तर इमर्जन्सीची फी पुन्हा लागत नाही, त्यामुळे तो विचारही मनात आणू नका. आणि मोडलेल्या किंवा ताठरलेल्या कोपरावर जोरात तेलमालिश करू नका. त्याने कोपराभोवतीच्या स्नायूंत हाड तयार होऊन सांधा आणखी अडू शकतो.

इथे कुणाकडे जायचं

हात वाकडा जुळलाय अशी शंका असेल आणि तातडी नसेल, तर रस्ता जीपीपासून सुरू होतो. आठ वर्षांखालच्या सगळ्या मुलांना जीपीकडे मोफत जाता येतं, पण त्यासाठी कार्ड काढावं लागतं. जीपी मुलांच्या ऑर्थोपेडिक विभागाला पत्र लिहितात. डब्लिनमधली मुलांची रुग्णालयं चिल्ड्रन्स हेल्थ आयर्लंडकडे आहेत. कॉर्क, गॉलवे, लिमरिककडच्या कुटुंबांना आधी जवळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवतात. सरकारी रुग्णालयात दाखल झाल्यावरचं शुल्क १६ वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ मध्येच बंद झालं आहे.

नेहमीच्या यादीत नंबर लागायला वेळ लागतो, आणि आपल्या विषयात वेळच महत्त्वाचा आहे. म्हणून जीपींना नुसतं "हात वाकडा दिसतो" असं सांगू नका. "तीन महिने झाले, मूल बारा वर्षांचं आहे, हाड मध्यावर मोडलं होतं, तळवा अर्धाच वर होतो" असं सांगा. पेन्सिलीच्या तपासणीचा फोटो दाखवा. हे सगळं पत्रात लिहायची विनंती करा. पत्र वाचून नंबर लावणाऱ्या डॉक्टरांना यातूनच निकड कळते.

आता ते प्रश्न लिहून घ्या.

१. हाड कोणत्या जागी मोडलं, आणि वाक किती अंशांचा आहे?
२. हाडाला पीळ आहे का?
३. कोपर आणि मनगट दोन्ही सांधे जागेवर आहेत का?
४. ग्रोथ प्लेटला इजा आहे का?
५. मुलाची किती वर्षांची वाढ शिल्लक आहे, आणि तेवढ्यात हा वाक किती सुधारेल?
६. थांबायचं असेल तर पुढची तपासणी नेमकी कधी, आणि तेव्हा काय दिसलं तर बेत बदलायचा?

यातला सहावा प्रश्न विसरू नका. "थांबा" या सल्ल्याबरोबर तारीख असेल तर तो उपचार आहे. तारीख नसेल तर मागून घ्या. इंग्रजीत अवघड वाटत असेल तर दुभाषी मागता येतो. मुलालाच दुभाषी करू नका, विशेषतः ऑपरेशनची चर्चा असेल तेव्हा.

हाड जुळल्यावर पहिले सहा महिने तीच जागा पुन्हा मोडायची शक्यता जास्त असते. ट्रॅम्पोलिन, बाउन्सी कॅसल, हर्लिंग, रग्बी हे कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पोहणं आणि चालणं बहुधा लवकर सुरू होतं. हिवाळ्यात इथलं ऊन आपल्या त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला पुरत नाही. १ ते ४ वर्षांच्या मुलांना हॅलोवीनपासून सेंट पॅट्रिक्स डेपर्यंत रोज ५ मायक्रोग्रॅम द्यावं, असा एचएसईचा सल्ला आहे. मोठ्या मुलांना किती द्यायचं ते जीपी किंवा फार्मासिस्टला विचारा. सावळ्या त्वचेला जास्त ऊन लागतं, हेही त्यांना सांगा.

आणि आजीला काय सांगायचं? मूल लहान असेल, हाड मनगटाजवळ मोडलं असेल आणि पेन्सिली दोन्हीकडे सारख्या फिरत असतील, तर सांगा की हाड अजून वाढतंय आणि डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच बाजूने हाताचा फोटो काढा आणि आजीला पाठवत राहा. हात सरळ होत गेला तर सगळ्यात आधी तिच्याच लक्षात येईल. होत नसेल, तरी तेही फोटोंतच दिसेल, आणि ते फोटो घेऊन तुम्हाला वेळेत डॉक्टरांकडे जाता येईल.

ही माहिती तपासणीची जागा घेत नाही, आपल्या मुलाचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्या. आजच्यापुरतं इथेच थांबूया. मुलांना सांभाळा, त्यांना खेळूही द्या. नमस्कार.